दोन तासांचं पद

हुडको, भिलाई
५ जानेवारी, रविवार

ताई,
जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न वाचताच फाडणार नाहीस, एवढी आशा धरून लिहितो. फोन तू उचलत नाहीस, घरच्या ग्रुपमधून दोन वर्षांपूर्वीच निघून गेलीस, आणि चरोद्याला येऊन तुझं दार वाजवायची माझ्यात हिंमत नाही. मग राहिला पोस्टमन. हुडकोच्या पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाईनं मला खालून वर पाहिलं आणि कोर्टाचं काम आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, बहिणीला लिहायचं आहे. तिला ते कोर्टापेक्षा गंभीर वाटलं असावं.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या भाचीची, पायलची यंदा बारावी, त्यामुळे घरात कोणी मोठ्यानं हसलं तरी ती खोलीतून हिंदीत ओरडते. तुझ्या भावजयीचा, दीक्षाचा गुडघा थंडीत धरतो. मी रोज सकाळच्या बसनं नवा रायपूरला जातो आणि अंधार पडल्यावर परत येतो. दिवसभर हिंदीत टिपणं लिहून हात असा झाला आहे की मराठी लिहिताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आदेशार्थ सादर' लिहावंसं वाटतं. चुकून कुठे लिहिलं तर समजून घे.

आमच्या व्यय-आढावा विभागात सध्या एकच काम चाललं आहे. तुला ठाऊकच आहे, राज्याचा खर्च कुठे होतो आणि सरकारी माणूस खुर्चीत बसून नेमकं काय करतो, हे दोन्ही आमचा विभाग बघतो. यंदा पदांचा आढावा घ्यायचं ठरलं. प्रत्येक लहान कर्मचाऱ्याकडून एक फॉर्म भरून घेतला आहे. रोज काय काम करता आणि त्याला किती वेळ लागतो, एवढंच त्यात लिहायचं. ज्याचं काम चार तासांच्या खाली भरेल त्याचं पद अनावश्यक, आणि अनावश्यक पदं एकतीस मार्चला संपणार.

हे तुला का सांगतो आहे, तर सहज. बोरसीच्या तुमच्या वसतिगृहातही फॉर्म आले असतील. तू काय लिहिलंस ते मला माहीत नाही. पण समजा घाईत काही कमी-जास्त लिहिलं गेलं असेल, तर अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत लेखी हरकत घेता येते. साधा कागद चालतो. मी हे ओळखीतल्या सगळ्यांनाच सांगतो आहे, तुलाच म्हणून नाही.

देवीदास भाऊजींना जयभीम सांग. रिटायर झाल्यावर रेल्वे यार्डात जाऊन बसायची त्यांची सवय सुटली का?

तुझा,
नागसेन


हुडको, भिलाई
१८ जानेवारी

ताई,

तेरा दिवस झाले. हुडको ते चरोदा पत्राला इतके दिवस लागत नाहीत. आमच्या पायलच्या भाषेत सांगायचं तर तू 'सीन' करून, म्हणजे नुसतं वाचून, सोडून दिलंस.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू काय लिहिलंस ते मला माहीत आहे. तुझा फॉर्म मी पाहिला आहे. दुर्ग जिल्ह्याचे दोनशे बारा फॉर्म आमच्या अनुभागात आले, आणि अनुभाग अधिकारी मीच आहे. त्या गठ्ठ्यात तुझं अक्षर निघालं. तुझी ललितामधली वेलांटी अजून तशीच शेवटपर्यंत खेचलेली असते.

लोकांनी काय काय लिहिलं होतं, तुला सांगतो. एका ड्रायव्हरची गाडी सहा वर्षांपूर्वी भंगारात गेली. तो लिहितो, रिकाम्या गॅरेजवर लक्ष ठेवतो, आठ तास. एका चौकीदारानं दिवसाला चौदा तास भरले आणि खाली लिहिलं की जेवतानाही फाटकाकडे तोंड करून जेवतो. एका दफ्तरीनं तर साहेबांची पेन शोधण्याचा वेगळा पाऊण तास मांडला आहे. आम्ही हसलो, पण त्यांची पदं वाचली.

आणि तू काय लिहिलंस? 'पद : जलवाहक. काम : पाणी भरणे. वेळ : दोन तास.' खाली भरपूर जागा होती. तिथे तू आडवी रेघ मारलीस. बावीस वर्षं कलेक्टर दरावर, म्हणजे रोजंदारीवर राबलीस, कायम होण्याची वाट पाहिलीस, आणि विचारायला पहिल्यांदा कोणी आलं तर रेघ मारलीस. ताई, कावून असं केलं? तिथे नळ येऊन दहा वर्षं झाली, पाण्याला दोन तासही लागत नसतील. मग सकाळच्या लोकलनं जाऊन संध्याकाळपर्यंत तू तिथे काय करतेस?

मला तुझा राग आला आहे. हे लिहितानाही येतो आहे. दीक्षा म्हणते, राग कोणाचा आहे ते आधी बघा. तिचं ऐकून मी बाल्कनीत तीन फेऱ्या मारून आलो. राग होता तिथेच आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी जे झालं ते मी विसरलो नाही. तू एवढंच विचारलं होतंस की कायम होण्याची तुझी फाइल माझ्या विभागात कुठे अडली आहे ते बघशील का. बघायला काय हरकत होती? पण माझ्या शेजारी ऑफिसातला केवलराम बसला होता. ऑफिसात मी सांगून ठेवलं होतं की माझी बहीण शिक्षण खात्यात आहे. तसं ते खोटंही नव्हतं, वसतिगृह शिक्षणासाठीच असतं. पण तू सगळ्यांसमोर 'मी पाणी भरणारी बाई' म्हणून सुरुवात केलीस आणि माझे कान तापले.

मग मी ते बोललो. बाबांच्या पोरीनं असा कामाचा पाढा वाचावा का, असं बोललो. बाबांनी मरेपर्यंत कोणापुढे पाढा वाचला नाही, आणि तू त्यांच्या फोटोपुढे उभी राहून वाचतेस, असंही बोललो. तू हातातला खिरीचा वाडगा खाली ठेवलास आणि आत गेलीस.

सुगीच्या दिवसांत आजोबा भंडाऱ्याकडच्या गावात दारोदार उभे राहून वर्षभराची कामं मोजून दाखवायचे, ही गोष्ट बाबांनी आपल्याला किती वेळा सांगितली असेल. मेलेलं ढोर कोणाचं ओढलं, सांगावा कोणाचा पोचवला, सगळं मोजायचं, मालक पान खात ऐकायचा, आणि मग पदरात दाणे पडायचे. लहानपणी बाबा पोतं धरून बाजूला उभे असायचे. म्हणून भिलाईच्या पोलाद प्लान्टमध्ये आल्यावर त्यांनी ठरवलं की काम करायचं, पण ते मोजून दाखवायचं नाही. तपासणीला साहेब आला की 'सब ठीक है' म्हणायचं. घरातही कोणी थकलो म्हणायचं नाही. ते मी तुझ्या तोंडावर फेकलं.

पण ताई, फॉर्म म्हणजे मालकाचं दार नव्हे. एवढं तरी तुला कळायला हवं होतं.

नागसेन


हुडको, भिलाई
२ फेब्रुवारी, रविवार

ताई,

दीक्षा तुझ्याकडे येऊन गेली ते मला ती परत आल्यावर कळलं. मी पाठवलं नव्हतं. गुडघा धरून ती लोकलच्या पायऱ्या चढली आणि तुझ्या हातची भाकर खाऊन आली, वर मला सांगते की भाजी फार छान होती.

तू तिला काय म्हणालीस ते तिनं जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालीस, "त्यानंच तं सांगतलं होतं, पाढा वाचू नोको म्हणून. फारम आला, मी नाही वाचला. आता कावून चिडून राहिला तो?"

 मी दोन दिवस तेच वाक्य घोळवलं.

काल शनिवारी मी बोरसीला गेलो होतो. तू वसतिगृहात नव्हतीस, तुला दुर्गच्या दवाखान्यात एका मुलीला घेऊन जावं लागलं होतं. मी विभागाचा माणूस म्हणून गेलो नाही, कोणाचा तरी पालक असल्यासारखा फाटकाशी उभा राहिलो. तुमच्या अधीक्षिका मॅडम बाहेर आल्या. मी म्हटलं, पुतणीसाठी जागा बघतो आहे. माझं खोटं बोलणं किती सहज झालं आहे बघ. त्यांनी सगळं दाखवलं, आणि प्रत्येक खोलीत तुझं नाव निघालं. मानपूरकडून आलेली लहान पोरगी महिनाभर जेवत नव्हती, तिला ललिताबाईंनी जेवायला लावलं. कोणाला पहिल्यांदा पाळी येते, ती रडत ललिताबाईंकडे जाते. स्वयंपाकीण आली नाही की ललिताबाई. बापाला फोन लावायचा, बँकेत खातं उघडायचं, गोंडी बोलणाऱ्या आईला हिंदी कागद समजावायचा, ललिताबाई. तुला गोंडी कधी आली?

एका मुलीनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, आप लल्ता बाई के भाई हो क्या, नाक बिलकुल वैसी है. मी नाही म्हटलं.

नाही म्हटलं, ताई. पोरगी दहा-अकरा वर्षांची होती, तिला कशाला भ्यायचं होतं मला? घरी आल्यापासून जेवणावर मन नाही.

बसमध्ये बसून मी अधीक्षिकांनी सांगितलेलं सगळं कागदावर उतरवलं. बेरीज नऊ तासांवर गेली. म्हणून तुझ्या नावानं हरकतीचा अर्ज तयार करून सोबत पाठवतो आहे. प्रत्येक कामासमोर वेळ टाकला आहे. तुला काहीच लिहायचं नाही, बोलायचं नाही, फक्त खाली सही करून दुर्गच्या जिल्हा कार्यालयात देऊन ये. अठ्ठावीसच्या आत. भाऊजींना पाठवलंस तरी चालेल.

मला माहीत आहे की तुला माझ्या हातचं काही नको. हे माझ्या हातचं समजू नकोस. टाइप केलेलं आहे.

नागसेन


हुडको, भिलाई
१६ फेब्रुवारी, रविवार

ताई,

अर्ज परत मिळाला. सही नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर तुझं अक्षर पाहिल्यावर मी बूट न काढताच पलंगावर बसून वाचलं. तू लिहिलंस ते मला आता पाठ झालं आहे, तरी इथे उतरवून काढतो. मी ते वाचलं हे तुला समजावं म्हणून.

"नागसेन, कागद परत पाठवून राहिली. सही करणार नाही. तापातल्या पोरीपाशी दीड तास, असं तू लिहिलं. मी घड्याळ पाहून बसत नाही. घड्याळ पाहिलं तं पोरीले समजते.

"दुसरं. बाबानं कोणापुढे पाढा वाचला नाही, असं तू चारचौघांत बोलला. तुह्या नोकरीच्या वक्ताले रहिवासी दाखला अडकला होता. प्लान्टचं क्वार्टर सुटलं, जुने कागद गहाळ झाले. बाबा सहा दिवस तहसीलमधी गेले. मी संग होती. बाबूपुढे उभे राहून त्यायनं सगळं सांगतलं, कोन्या साली आले, कोक ओव्हनच्या भट्टीवर किती वर्षं काढले. बाही वर करून भाजलेला हात दाखवला. बाबू चहा पिऊन राहिला होता. त्यानं वर नाही पाहिलं, तं बाबानं पुन्हा पहिल्यापासून सांगतलं. घरी येता येता मले म्हणाले, नागसेनले नोको सांगू. मी एकवीस वर्षं नाही सांगतलं. आता सांगून राहिली."

बस एवढंच. सहीसुद्धा केली नाहीस.

तो दाखला माझ्याकडे आहे, ताई. लॅमिनेट करून कपाटात ठेवला आहे. आज बाहेर काढला आणि परत ठेवला. मला तेव्हा वाटलं होतं, माझे मार्क चांगले होते म्हणून सगळं वेळेवर झालं. बाबा उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे आणि मी त्यांना जुन्या वळणाचे म्हणून चिडवायचो. ते कोणापुढे उभे राहिले होते ते तू पाहिलंस आणि मी त्यांच्याच नावानं तुला गप्प केलं. मला माझी लाज वाटते. ही गोष्ट वळसे घालून लिहायला मला येत नाही.

तू खरं लिहिलंस, आता मीही लिहितो. तुझा फॉर्म मी नुसता पाहिला असं मागे म्हटलं, ते अर्धंच होतं. तो माझ्याच सहीनं पुढे गेला आहे. दोनशे बारांपैकी एकतीस फॉर्म मी अपुरी माहिती म्हणून परत पाठवले, पुन्हा नीट विचारून या म्हणून. ड्रायव्हरचं गॅरेजसुद्धा परत पाठवलं. आडवी रेघ मारलेला फॉर्म तर डोळे मिटूनही परत पाठवायला हवा होता, नियमच तसा आहे. तुझा मी पाठवला नाही. 'पद अनावश्यक, समाप्ती प्रस्तावित' असं टिपण लिहिलं, आणि सगळ्या गठ्ठ्यात पहिली सही त्याच्यावर केली.

का केली तेही सांगतो. गठ्ठा टेबलावर आला तेव्हा समोर केवलराम उभा होता. तो हसत म्हणाला, "गजभिये जी, अपने समाज वालों के फॉर्म अलग रख लिए कि नहीं?" त्याच्या मनात काही नसेलही. तो सगळ्यांचीच अशी थट्टा करतो. पण मला वीस वर्षं हीच भीती आहे की कोणीतरी म्हणेल, हा आपल्यांचं बघतो. म्हणून मी वीस वर्षं आपल्यांचं सगळ्यात वाईट करत आलो. कोणी समाजाचा माणूस दाराशी आला की त्याचा अर्ज मी दुसऱ्यापेक्षा दुप्पट तपासतो. याला मी प्रामाणिकपणा म्हणत होतो. आणि त्या दिवशी समोर सख्ख्या बहिणीचा फॉर्म होता, तर केवलरामच्या देखत मी सही करून मोकळा झालो. हात थोडासुद्धा थांबला नाही.

अजून एक रस्ता आहे. मी स्वतः लिहून द्यायचं की हा फॉर्म अपुरा होता, तरी मी पुढे पाठवला, आणि ही कर्मचारी माझी बहीण आहे. नातेवाइकाचं प्रकरण हाताळू नये, आधीच सांगून बाजूला व्हावं, असा नियम आहे. तो मी मोडला आहे. लिहून दिलं की मला नोटीस मिळणार, आणि एप्रिलमध्ये अवर सचिव म्हणून माझं नाव लागायचं आहे ते लागणार नाही. ते टिपण मी तीन वेळा टाइप केलं आणि तीनदा पुसलं. एकदा तर 'माझी बहीण' याऐवजी 'निकट संबंधातील व्यक्ती' लिहून पाहिलं. ते वाचून दीक्षा उठून स्वयंपाकघरात गेली.

उद्या सोमवार आहे. मी करतो की नाही, मलाच ठाऊक नाही. तू माझ्यावर भरवसा ठेवू नकोस. अठ्ठावीसच्या आत सही करून अर्ज दे. तो दीड तास खोडून टाक हवं तर.

नागसेन


हुडको, भिलाई
५ मार्च, बुधवार

ताई,

हे पत्र पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून दीक्षाच्या हाती पाठवतो आहे. ती समोर बसली असेल तरी तू आधी हे पूर्ण वाच.

अठ्ठावीस तारीख गेली आणि तुझी हरकत आली नाही. येणार नाही हे मला आधीच कळलं होतं. म्हणून चोवीसला मी टिपण दिलं. त्यात साध्या शब्दांत लिहिलं की जलवाहक ललिता देवीदास रामटेके ही माझी सख्खी थोरली बहीण आहे, तिचा फॉर्म अपुरा असूनही मी परत पाठवला नाही, आणि तिचं काम दोन तासांचं नाही. उपसचिव मॅडमनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि विचारलं, सगी बहन? मी म्हटलं, हो मॅडम, सगी. खोलीत केवलराम होता, दोन शिपाई होते. वीस वर्षं ज्याची भीती होती ते झालं, आणि कोणी हसलंसुद्धा नाही. केवलरामनं फक्त मान खाली घातली.

मॅडम सरळ बाई आहेत. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की दोनच गोष्टी होऊ शकतात. तुझा फॉर्म खरा निघाला, म्हणजे काम दोनच तासांचं आहे असं ठरलं, तर माझी चूक एवढीच की नातं आधी सांगितलं नाही. समज देऊन सोडतील, एप्रिलचं कामही होईल. फॉर्म खोटा निघाला, काम पूर्ण दिवसाचं ठरलं, तर मी जाणूनबुजून चुकीचं टिपण लिहिलं असा अर्थ होतो, आणि मग विभागीय चौकशी. त्या स्वतः येऊन तुलाच विचारणार आहेत. उद्या गुरुवारी अकरा वाजता, बोरसीला.

म्हणजे आता माझं जे काही आहे ते तुझ्या तोंडी आहे.

केवलरामनं काल मला कँटीनमध्ये बाजूला घेतलं. त्याच्या परीनं त्याला माझं भलं करायचं होतं. म्हणाला, "बहन को बोल दो, दो घंटे पर टिकी रहे. उसकी पोस्ट तो आज नहीं कल जानी ही है. तुम तो बचो." ताई, बस कुम्हारीपासून चरोद्याच्या थांब्यापर्यंत येईतो मी ते मनात घोळवत होतो. तुझ्याकडे उतरायचं, पाणी प्यायचं आणि तुला ते कसं सांगायचं, याची वाक्यंसुद्धा जुळवली. थांबा आला, मी उतरलो नाही. पण विचार केला होता, हे तुला माहीत असलेलं बरं.

आज रजा टाकून घरीच आहे. दीक्षानं भाऊजींना फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणून दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाले, "चिट्ठ्या वाचते तुह्या सगळ्या, बोलत नाही काही. पन तुह्या नोटिशीचं आयकलं तवापासून चूप बसून राहिली. मले म्हणते, दोन तास तं दोन तास, आपलं काय जाते." हे ऐकल्यापासून मला बसवत नाही. घरभर फिरतो आहे, पायलनं दोनदा टोकलं.

तू काय करणार ते मला दिसतं आहे. तू हे आधी केलेलं आहेस. दुर्गच्या नर्सिंगच्या यादीत तुझं नाव लागलं होतं आणि त्याच वर्षी माझी रायपूरच्या कॉलेजची ॲडमिशन होती. तू घरी येऊन सांगितलंस की सुई पाहिली की मला चक्कर येते. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, कारण पटवून घेणं माझ्या सोयीचं होतं. आता दवाखान्यात पोरींना इंजेक्शन देताना त्यांचा हात कोण धरून बसतं, ते अधीक्षिकांनी मला सांगितलं आहे.

उद्या तसं करू नकोस. मला चौकशीची भीती वाटते, वाटत नाही असं म्हणत नाही.  पण तू उद्या दोन तास म्हणालीस आणि त्यावर माझी बढती झाली, तर त्या खुर्चीत मी कोणत्या तोंडानं बसू? आणि एकतीस मार्चनंतर मानपूरच्या त्या पोरीला जेवायला कोण लावेल? तिचा तर या सगळ्यात काही दोष नाही.

मॅडम विचारतील तेव्हा सकाळी फाटकातून आत पाऊल टाकल्यापासून सुरुवात कर. तास सांगू नकोस, तुला ते जमणार नाही. पोरींची नावं सांग. कोण कधी आली, कशी होती, आता कशी आहे, एवढं एकेकीचं सांगत जा. त्या लिहून घेतील, त्यांना सवय आहे. मध्येच त्यांनी चहा मागवला तर थांब, आणि त्यांनी वर पाहिल्यावर पुढे बोल.

शेवटी त्या विचारणारच आहेत की बाई, हे सगळं पहिल्या फॉर्ममध्ये का नाही लिहिलं. मी त्यांच्या जागी असतो तर तेच विचारलं असतं. तेव्हा विसरली असं म्हणू नकोस. समजलं नाही असंही म्हणू नकोस. भावानं तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, असं सांग. भावाचं नाव विचारलं तर पूर्ण नाव सांग, पदासकट.

तुझा,
नागसेन